अनवाणी पास झालेलं यंत्र

परेशभाई दिवसातून दोनदा माझ्या टेबलाशी यायचे आणि उभ्याउभ्याच विचारायचे, "वंदनाबेन, हवे शुं बाकी छे?" आता काय राहिलंय? नोकरीची शेवटची बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकला. उत्तरही दर वेळी दिलं, पण ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला त्या इमारतीत भेटला नाही. आता मी निवृत्त झाले आहे, आणि दिवाळी अंकाचा वाचक चिवड्याची वाटी घेऊन बसलेला असतो, तो सहसा मध्येच उठून जात नाही. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

सुरतेला लागून इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी. परेशभाई तिचे मालक. आम्ही हातात मावतील असे छोटे संगणक बनवायचो. दुकानदाराच्या किंवा कुरिअरवाल्याच्या हातात तुम्ही ते पाहिले असतील. वर पडदा, खाली बटणं, आणि पुढून बारकोड वाचणारा लाल उजेड. ते बनवायचं काम मिहिर नावाच्या हुशार इंजिनिअरचं आणि त्याच्या टोळीचं. माझ्याकडे चाचणी विभाग होता. म्हणजे त्यांनी बनवलेलं मोडून बघायचं आणि नाहीच मोडलं तर कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय एकही नग कंपनीबाहेर जात नसे. अमरावतीहून डिप्लोमा करून आलेल्या, लग्नामुळे सुरतकर झालेल्या बाईच्या हातात एवढी सत्ता असणं पुष्कळांना खुपायचं. त्यांना खुपतंय याचा मला आनंद व्हायचा, हेही कबूल करते.

या धंद्यात सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे पहिला नमुना टेबलावर चालू होतो तो. पडदा उजळतो, लाल उजेड पडतो, बारकोड वाचला जातो, पेढे येतात. मालकाला वाटतं, झालं. विक्रीवाले त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला तारीख देऊन मोकळे होतात. साखरपुड्याला बारशाची पत्रिका छापणारे लोक हे. त्यांना कोण सांगणार की टेबलावर चालतोय तो एकच नग आहे, मिहिरने भिंगाखाली स्वतःच्या हाताने कथलाचे डाग देऊन जोडलेला, आणि तो चालतो कारण चालवायलाही मिहिरच बसलाय. तसेच हजारो नग अशा माणसांनी जोडायचे असतात ज्यांना आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि अशा माणसांनी वापरायचे असतात ज्यांनी ते का ठाऊक करून घ्यावं हाच प्रश्न आहे. या दोन गोष्टींच्या मध्ये एक वर्ष जातं. कधी दीड.

ते कुठे जातं ते ऐका. प्लास्टिकच्या कवचासाठी पोलादी साचा कोरावा लागतो. त्यातून पहिलं कवच निघतं तेव्हा ते गार होताना आकसतं, आणि बटण अडकतं. साचा परत जातो, महिना जातो. तेवढ्यात आतल्या एखाद्या चिमुकल्या भागाचा पुरवठादार कळवतो की हा माल आता बंद, दुसरा घ्या. दुसरा केसभर उंच असतो, म्हणून बॅटरी सरकते, म्हणून झाकण नीट बसत नाही, म्हणून पुन्हा साचा. आणि नियम असा की काहीही बदललं तर आधीच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायच्या. कंबरेच्या उंचीवरून कोटा फरशीवर सहाही बाजूंनी आपटायचं, तापवायचं, गारठवायचं, बटणं लाखदा दाबायची. हा नियम मी मिहिरच्या पोरांकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला होता. तो मोडणाऱ्याला मी चार लोकांत सोलून काढत असे.

एवढं करूनही जग आपल्याला पुरून उरतं. बारडोलीकडे एका उसाच्या वजनकाट्यावर आमची यंत्रं दिली होती. धूळ, पाणी, ऊन, सगळ्यांत पास झालेली. महिन्याभरात निम्मी परत आली. उघडली तर आत मुंग्यांची वसाहत. काट्यावरच्या माणसांचे हात उसाच्या रसाने चिकट, तेच हात बटणांवर. जगातल्या कुठल्याही चाचणीच्या यादीत मुंग्या नाहीत. मिहिर म्हणाला, त्यांना हात धुवायला सांगा. त्या दिवशी मी त्याला भर बैठकीत विचारलं होतं की उद्या पावसात भिजलं तर ढगांना पत्र पाठवणार का. सगळे हसले, मीही हसले. माणसाला बदलायला सांगणं हा आळशी इंजिनिअरचा शेवटचा उपाय असतो, असं मी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. ते बोलणारी बाई मीच होते, हे पुढचं वाचताना विसरू नका.

सुरतेजवळच्या सचिन या गावच्या औद्योगिक वसाहतीत साड्या घडी करून, मोजून, खोक्यात भरण्याचा एक मोठा हॉल होता. त्या हॉलसाठी आम्ही नवं यंत्र बनवलं होतं. परेशभाईंना ते दिवाळीनंतरच्या लाभपाचमेच्या मुहूर्तावर बाजारात आणायचं होतं, पण साच्याने दगा दिला आणि मुहूर्त हुकला. नमुने तयार होईपर्यंत थंडी आली. विक्रीआधीची शेवटची पायरी म्हणजे खऱ्या जागी, खऱ्या माणसांच्या हातात महिनाभर वापर. दहा यंत्रं दहा बायांना दिली. नऊ जणींची कुरकुर नव्हती. दहावी मंगला ढगे.

मंगला परभणीकडची, पंचेचाळिशीची. आधी ती हॉलच्या कोपऱ्यात बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. सातवी शिकलेली आणि हिशेबाला पक्की म्हणून तिला मोजणीवर घेतलं होतं. साडीवरच्या चिठ्ठीवर लाल उजेड धरायचा, पडद्यावरचा आकडा बघायचा, गठ्ठा पूर्ण झाला की पुढे सारायचा. हे उभ्याचं पण इज्जतीचं काम, आणि तिला ते आवडायचं. तिच्या हातात यंत्र दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि त्या गठ्ठ्याची मोजणी पुसली जायची. मग गठ्ठा सोडा, पुन्हा मोजा, आणि मागची अख्खी रांग ताटकळत ठेवा.

मी बघायला गेले. हॉलमध्ये साड्या जमिनीवर चादरी टाकून पसरलेल्या असत, म्हणून दाराबाहेर चपला काढायची पद्धत होती. कापड म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चप्पल घालून फिरायचं नाही. चाळीस बाया अनवाणी होत्या. एकट्या मंगलाच्या पायात निळ्या रबरी सपाता. त्या ती हॉलमध्येच घालायची, बाहेर कधी नेत नसे.

"साखर हाय मला," तिने मी न विचारताच सांगितलं. "पायाला काय लागलं तर कळत नाही. डॉक्टरनं बजावलंय, घरात बी अनवाणी फिरायचं नाही. शेटला विचारून घालते."

यंत्राबद्दल विचारलं तर ती रडकुंडीला आली. म्हणाली, "मी काय बी करत नाही, बाई. माझ्याच हातात बंद पडायलंय."

हॉलचे सुपरवायझर रमणभाई मागेच उभे होते. मंगलाच्या सपाता त्यांना पहिल्या दिवसापासून सलत होत्या. ते म्हणाले, "चंपल पहेरीने लक्ष्मीमां फरे छे, पछी मशीन बंध ज थाय ने." चप्पल घालून लक्ष्मीत फिरते, मग मशीन बंद पडणारच.

मी हसले. गालातल्या गालात नाही, चांगली मोठ्याने हसले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. रमणभाईंना म्हटलं की यंत्राला ना डोळे ना देव, ते कोणाच्या पायात काय आहे ते बघत नाही. मला वाटलं, मी मंगलाची बाजू घेतेय. खरं म्हणजे मला एका अडाणी माणसाला अडाणी ठरवण्याची संधी मिळाली होती आणि ती मी सोडली नाही.

मग मी शास्त्रशुद्ध तपास केला. मंगलाचं यंत्र शेजारणीला दिलं, दिवसभर सुरळीत चाललं. शेजारणीचं मंगलाला दिलं, दुपारच्या आत दोनदा बंद. म्हणजे यंत्र निर्दोष. तरी खात्रीसाठी तिचं यंत्र इच्छापोरला आणलं. चाचणीखोलीत चार जणांनी तीन दिवस ते वापरलं, खऱ्या साड्या मागवून, मंगला करते तसंच उलटसुलट करून. एकदाही बंद पडलं नाही. मी अहवाल लिहिला. आमच्या अहवालात एक रकाना असतो, 'कारण'. त्यात लिहिलं: वापरणाऱ्याची चूक, मंगला ढगे, बंद करायचं बटण नकळत दाबलं जात असावं, प्रशिक्षण द्यावे. खाली सही केली. एक प्रत हॉलला गेली.

पुढचे तीन आठवडे सचिनहून एकही तक्रार नाही. प्रशिक्षण लागू पडलं, असं मी मिहिरला सांगितलं. परेशभाईंनी पुन्हा विचारलं, हवे शुं बाकी छे, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की फारसं काही नाही.

मग आमच्याकडे प्रमाणपत्रवाल्या संस्थेचे एक साहेब पाहणीला आले. आमच्या चाचणीखोलीच्या दाराशी चपलांचा स्टँड होता. परेशभाईंच्या वडिलांनी आत कोपऱ्यात अंबामातेची तसबीर लावलेली, त्यामुळे आत सगळेच अनवाणी. धूळ येत नाही म्हणून ती पद्धत मलाही पटलेली. साहेबांनी मात्र बूट काढायला साफ नकार दिला. आमच्या शिपायाने त्यांच्या बुटांकडे असं काही पाहिलं की दुसरा शरमला असता. साहेब फिरत्या खुर्चीत बसले, साड्यांच्या ढिगातून एक उचलून बाजूला टाकली, टेबलावरचं यंत्र हातात घेतलं, आणि ते बंद पडलं. पुन्हा सुरू झालं. त्यांनी दुसरं घेतलं. तेही बंद पडलं.

मिहिर माझ्या कानाशी कुजबुजला की यांनाही वापरता येत नाही. मी मात्र त्यांच्या बुटांकडे पाहत होते. मी दाराबाहेर गेले, माझ्या चपला पायात घातल्या आणि तशीच आत आले. शिपाई बघत राहिला. एक साडी दोन्ही हातांनी भराभर उलगडली, घडी केली, आणि यंत्राच्या चार्जिंगच्या तोंडाला बोट लावलं. बोटाला बारीक चटका बसला आणि पडदा काळा झाला. चपला काढल्या, तेच सगळं पुन्हा केलं. काही नाही. चपला घातल्या. काळा. साहेब पाहणी विसरून माझ्याकडे पाहायला लागले होते. मी वीस-वीस वेळा केलं, कारण मला ते खोटं ठरायला हवं होतं.

बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि केस उभे राहतात, ती वीज. पॉलिएस्टरच्या साड्या दिवसभर झटकणाऱ्या बाईच्या अंगात ती साठत जाते. अनवाणी माणसाच्या पायातून ती फरशीत उतरते, त्याला पत्ताही लागत नाही. रबरी सपात असेल तर उतरायला वाट नाही. मग ती हातातून यंत्रात उडी मारते. यंत्रात अशा विजेसाठी एक छोटी स्प्रिंग असते, ती तिला बाजूच्या वाटेने काढून देते. आमच्या यंत्रात साचा दुरुस्त करताना कवच अर्धा मिलिमीटर फुगलं होतं आणि ती स्प्रिंग जिथे टेकायची तिथे टेकतच नव्हती. प्रयोगशाळेत विजेच्या चाचणीला पाठवलेला नग साच्याच्या आधीचा होता, मिहिरने हाताने जोडलेला. तो झोकात पास झाला होता. साचा बदलल्यावर ती चाचणी पुन्हा का केली नाही, हे शोधायला मी फाइल काढली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: फक्त प्लास्टिक बदलले आहे, पुन्हा चाचणीची गरज नाही. परेशभाई त्या दिवशी तीनदा विचारून गेले होते. पाढे घोकून घेणारी मास्तरीण स्वतःच एक पाढा गाळून गेली होती.

आणि रमणभाई बरोबर होते. कारण चुकीचं, पण बोट त्यांनी अचूक ठेवलं होतं. चप्पल घातली की मशीन बंद पडतं. तो माणूस रोज डोळ्यांनी बघत होता तेच बोलला. मी ते ऐकलं नाही, कारण त्याने त्यात लक्ष्मी आणली. त्याने व्होल्ट म्हटलं असतं तर मी वही काढली असती.

त्याच दुपारी सचिनला गेले. मोजणीच्या टेबलाशी दुसरीच बाई उभी होती. रमणभाईंनी सांगितलं ते असं. माझा अहवाल आल्यावर त्यांनी मंगलाला बजावलं की कंपनीनेही तुझीच चूक काढली आहे, आता सपाता काढ, नाहीतर धागे कापायला बस. तिने सपाता काढल्या. त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. दोन आठवड्यांनी सुनेला मंगलाच्या पायाचा वास आला. साड्यांना लावायची एक टाचणी तळव्यातून करंगळीच्या मुळाशी शिरून बसली होती. मंगलाला काही कळलं नव्हतं. ती सरकारी दवाखान्यात होती, आणि करंगळी आदल्या दिवशी काढली होती.

मी दवाखान्यात गेले, कॉटशी उभी राहिले. तिने ओळखलं आणि पहिला प्रश्न केला, "मशीन चालू हाय ना, बाई?" मी हो म्हणाले. बाकीचं तिला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. पिशवीत मोसंबी होती ती ठेवली आणि निघून आले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती अजून गेलेली नाही.

आता कंपनीतल्या शहाण्यांचं ऐका. बैठक भरली. साचा पुन्हा बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. विक्रीच्या प्रमुखाने तोड काढली की वापराच्या पुस्तिकेत एक ओळ टाकू: 'वापरताना पादत्राणे काढावीत.' गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये तसेही सगळे अनवाणीच असतात, मग प्रश्नच कुठे राहिला? मिहिरचं म्हणणं की प्रत्येक बाईच्या घोट्याला एक तार बांधावी आणि ती जमिनीला जोडावी. बायांना खुंट्याला बांधायचा विचार त्याने तक्त्यावर चित्र काढून समजावला, आणि लोक माना डोलवत होते. त्यातल्या प्रत्येकाकडे डिग्री होती. मी एवढंच म्हणाले की एका बाईचं बोट गेलंय, आणि ही ओळ छापली तर माझी सही विसरा.

सही विसरणं परवडणारं नव्हतं. साचा परत गेला. कवच आलं तर स्प्रिंग टेकली पण झाकण उचकटलं. पुन्हा साचा. मग आपटणं, तापवणं, गारठवणं, बटणं, सगळं नव्याने. तोवर पावसाळा लागला. सुरतेच्या पावसाळी हवेत अंगावर वीज साठतच नाही, चपला काय, गमबूट घालून फिरा. प्रयोगशाळेतल्या कोरड्या पेटीत यंत्र पास झालं, पण पेटीवरचा माझा विश्वास उडाला होता. मी म्हणाले, खरी थंडी पडू द्या, खऱ्या हॉलमध्ये बघू. परेशभाईंनी कपाळाला हात लावला. दुसरी लाभपाचम गेली. बाजारात बोभाटा झाला की यांच्या एका मशीनला दोन वर्षं लागतात, कारण चाचणीवर एक म्हातारी बसवली आहे.

थंडी पडली. मी नवं यंत्र घेऊन सचिनला गेले. मंगला परत धागे कापायला बसली होती, पायात जाड तळाचे दवाखान्याचे बूट. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. वीज, स्प्रिंग, प्लास्टिक, मी न केलेली चाचणी. ती कात्री थांबवून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं की नवं यंत्र तू बूट घालूनच वापरून बघ, तुझ्या हातात चाललं तर कुठेही चालेल.

"बघते की," ती म्हणाली. "आधी तो कागद बदला. रमणभाईच्या कपाटात हाय. माझी सून बी इथंच कामाला लागलीय, तिला बी दाखवून झालाय."

तिच्याऐवजी दुसऱ्या कोणालाही बूट घालून ते यंत्र देता आलं असतं, आणि परेशभाईंनी ते सुचवलंही. मी नाही म्हणाले. कागद बदलायला मात्र परेशभाई तयार नव्हते. मशीन सुधारलं ना, मग जुनं कशाला उकरायचं? गिऱ्हाईक घाबरेल, वकील येतील. रोज दोनदा तोच प्रश्न, हवे शुं बाकी छे, आणि मी रोज तेच उत्तर देत होते, एक ओळ. नऊ दिवस तयार खोकी गोदामात पडून राहिली. दहाव्या दिवशी ते नमले, पण म्हणाले, कोणाचं नाव नको, 'प्रक्रियेतील त्रुटी' लिहा. मीही ते लिहिलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अहवाल इंग्रजीत असतो, मी मंगलासाठी मराठीत केला आणि नव्या यंत्रासोबत सचिनला घेऊन गेले.

तिने चष्मा लावून बोट फिरवत वाचला. 'कारण' या रकान्याशी थांबली.

"ही प्रक्रिया कोण हाय?"

कोणी नाही, कंपनीच्या कामाच्या पद्धतीला म्हणतात, असं मी सांगितलं.

"माझ्या वेळेला तर माणसाचं नाव लिहिलं होतं," ती म्हणाली, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून कात्री उचलली.

मी पेन काढलं. 'प्रक्रियेतील त्रुटी' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: यंत्रात दोष होता. मंगला ढगे यांची काहीही चूक नव्हती. आवश्यक चाचणी वंदना पाठक यांनी केली नाही. पस्तीस वर्षांत त्या रकान्यात मी शेकडो नावं लिहिली होती, माझं पहिल्यांदाच लिहिलं. खाली सही केली.

मंगलाने ते पुन्हा वाचलं, एकेक अक्षर, माझ्या आडनावापर्यंत. मग उठली आणि पाय जपून टाकत मोजणीच्या टेबलाशी रमणभाई उभे होते तिथवर गेली. हॉलमधल्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. तिने कागद त्यांच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

रमणभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि अडखळत मराठी वाचायला सुरुवात केली. ते वाचून होईपर्यंत तिने यंत्राला हात लावला नाही.